आईविना मांजरीची पिल्लं घरी वाढवायचं फॉस्टर: किट झकास, शेवट ढिसाळ (साडेतीन स्टार)

पुण्यातल्या एका रेस्क्यू ग्रुपसाठी तीन पिल्लं घरी वाढवली त्याचा हा रिव्ह्यू. ग्रुपचं नाव टाकत नाहीये कारण सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करतात आणि खालची तक्रार वाचून कुणी त्यांच्यावर तुटून पडायला नको.

पहिला प्लस पॉइंट म्हणजे फोन केल्या केल्या पिल्लं उचलून आणा असं सांगत नाहीत, आधी आईची वाट बघितली का विचारतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही, ती एकेक करून तोंडात धरून हलवत असते आणि तेवढ्यात मागे राहिलेलं एखादं दिसलं की लोक अनाथ अनाथ करत घरी घेऊन येतात. आमच्या केसमध्ये प्रश्नच नव्हता, पार्किंगमध्ये आई गाडीखाली गेलेली. पिल्लांचे डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास.

किटमध्ये पिल्लांची खास दूध पावडर, छोटी बाटली, सिरिंज, शेकायची रबरी पिशवी आणि ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, सगळं फुकट. पावडर बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं कशाला एवढे लाड, वाटीभर दूध ठेव की, आमच्या वाड्यात काय पावडर होती?" म्हटलं आई, यांना अजून चाटता येत नाही, आणि वाड्यातली पिल्लं आधी आईचं पिऊन मग वाटीकडे यायची. गाईच्या दुधात पिल्लांना पुरतील इतकी प्रोटीन आणि फॅट नसतात, वर जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला एका दिवसाचे जुलाबसुद्धा भारी पडतात.

बाटलीबद्दल एक लक्षात ठेवा, निपलला भोक नसतं, ते गरम सुईने आपण पाडायचं. बाटली उलटी धरल्यावर थेंब लोंबला पाहिजे, धार लागली तर भोक मोठं झालं, ते निपल टाकून द्या कारण दूध फुप्फुसात जातं. पिल्लू पोटावरच ठेवून पाजायचं, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. आणि अंग गार लागलं तर आधी ऊब, मग दूध, गार पिल्लाला दूध पचतच नाही. शेकायची पिशवी पंचात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची म्हणजे उकडलं तर ती सरकू शकतात.

रात्रीबद्दल ग्रुपने आधीच स्पष्ट सांगितलेलं, पहिला आठवडा दर दोन तीन तासांनी फीड. पण नुसतं पाजून होत नाही, दर फीडला कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून हलकं पुसत राहायचं तेव्हा शू होते, एरवी आई चाटून करवते ते काम, आणि हे साधारण तीन आठवडे. पाजा, पुसा, वजन करा, बाटली उकळा की पुढचा गजर. घरात दुसरं माणूस रात्री उठणारं नसेल तर सरळ नाही म्हणा, चार आठवड्यांची खाऊ लागलेली पिल्लं मागा, तीही असतात त्यांच्याकडे.

किटमधली सगळ्यात कामाची वस्तू वजनकाटा. रोज दहा पंधरा ग्रॅम वाढले पाहिजेत. एक पिल्लू दूध व्यवस्थित पितंय असं वाटत होतं पण काटा काल १०८ आणि आज पण १०८, नुसतं बघून हे कळलंच नसतं. मध्यरात्री फोटो टाकला, पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर ग्रुपमधल्या ताईंचा रिप्लाय, आधी ऊब दे, थोडं थोडं पण जास्त वेळा पाज, सकाळी उघडल्या उघडल्या डॉक्टर. वाचलं ते. ह्या सपोर्टला पाचपैकी पाच.

आता दीड स्टार का कापला. घरात आधीची मांजर आहे हे फॉर्ममध्ये लिहिलेलं तरी तिला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा हे कुणी सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पॅनल्युकोपेनिया म्हणजे मांजरांचा पार्वो, जीवघेणा व्हायरल आजार, कपड्यांवरून हातांवरूनसुद्धा जातो, ही गोष्ट पहिल्या मेसेजमध्ये ठळक पाहिजे. दुसरं, आठ आठवड्यांनी ॲडॉप्शन आम्ही बघू म्हणाले, बघितलं एवढंच की एक पोस्ट टाकली. दोन पिल्लं मीच मैत्रिणींना गळ घालून दिली (दोन्ही एकाच घरात, ते बेस्ट, एकमेकांशी मस्ती करतात, माणसांचे पाय कमी चावतात). लसीच्या पैशांसाठी पण मागे लागावं लागलं.

तिसरा अजून आमच्याकडेच. बोका आहे, काळा कुळकुळीत, म्हणून लोक फोटो बघून गप्प होतात, आडवा गेला तर काय वगैरे. पहिली लस झालीय, शी-शू बरोब्बर ट्रेमध्ये करतो, रात्री झोपू देतो. खिडक्यांना जाळी असेल त्यांनीच विचारा.