डेबियन १२, हळदीचा हंगाम आणि सकाळचे सहा

सांगलीत मामांच्या हळदीच्या अडत दुकानात डेबियन १२ (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) चालू आहे, त्याला पावणेदोन वर्षं झाली. जुनंच मशीन, पोस्टग्रेस १५ हा डेटाबेस आणि त्यावर पट्ट्यांचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. डेबियनचं चांगलं काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं भांडण आपोआप अपडेट बसवणाऱ्या एका टायमरशी आहे.

फेब्रुवारीत सौदे नुकतेच सुरू झाले होते आणि तिन्ही काउंटरवर पट्टी अडकली. शेतकरी उभे, हमाली-तोलाई कापून आकडा द्यायचा तर स्क्रीन ढिम्म. मामांनी वही काढली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस फोनवर म्हणतो, "अपडेट बंदच ठेवायचं ओ, आमची सगळी गिऱ्हाइकं तसंच करत्यात." सगळी! हे ऐकून मी जास्त घाबरलो.

लॉगमध्ये दिसलं, पोस्टग्रेसचं अपडेट आपोआप बसून सर्व्हिस रीस्टार्ट झाली होती. डेटाबेस काही सेकंदांत परत आला, पण या सॉफ्टवेअरला तुटलेलं कनेक्शन पुन्हा जोडताच येत नाही. बरं, ॲप्टचा (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर बसवणारं साधन) अपग्रेड टायमर सकाळी सहाचा, वर तासाभराचा इकडेतिकडे. मग ऐन सौद्यात कसा? मामा वीजबिलापायी रात्री मशीन बंद करतात. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू असतं, म्हणजे हुकलेली वेळ तो मशीन सुरू झाल्यावर भरून काढतो. दुकान उघडलं की उधारीवाल्यासारखा दारात हजर.

रागाने सगळीच अपडेट बंद केली. चार दिवस टिकलो. घरून दुरुस्ती करता यावी म्हणून एसएसएच, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायची वाट, बाहेर उघडं ठेवलंय (शहाणपणा नाही, माहीत आहे). १ जुलै २०२४ ला ही वाट पुरवणाऱ्या ओपनएसएसएचमधलं मोठं भगदाड जाहीर झालं, तेव्हा मला बातमी कळायच्या आत पॅच बसला होता. तो याच टायमरने बसवलेला, म्हणून अपडेट पुन्हा चालू केली.

आता सिक्युरिटी अपडेट रोज, पण संध्याकाळी हिशेब मिटल्यावर. पर्सिस्टंट बंद. टायमरच्या फाइलमध्ये नवी वेळ टाकताना वर रिकामी 'ऑनकॅलेंडर' (वेळ ठरवणारी) ओळ लागते, नाहीतर सहाची वेळही तशीच राहते. हे कळण्यात एक सकाळ गेली. पोस्टग्रेस मात्र ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप बसवायचं नाही अशा यादीत; ते आठवडा थांबून रविवारी हाताने. थांबायचं कारण, १३ फेब्रुवारी २०२५ ला पोस्टग्रेस १५.११ आलं आणि त्यातली चूक निस्तरायला २० तारखेला १५.१२. आदल्या नोव्हेंबरातही तसंच, १४ ला १५.९ आणि २१ ला १५.१०. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्येच आलीय, पण बाराव्या आवृत्तीला एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) जून २०२८ पर्यंत आहे. हंगाम उरकल्याशिवाय हात लावणार नाही.

राहता राहिला कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. नवा कर्नल रीबूटशिवाय लागू होत नाही, आणि त्यासाठी वेळ कुठली काढायची म्हणून मी डोकं धरून बसलो होतो. मामा म्हणाले, "रोज रात्री बंद करतोयच की मी."

बरोबर आहे. बोलायला जागाच ठेवली नाही.