हाडांची आठवड्याची गोळी: 14 महिने घेतल्यानंतर

ॲलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. हाडं ठिसूळ झाली की ती मोडू नयेत म्हणून ही गोळी देतात. माझ्या कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.9 आला होता. उणे 2.5 पर्यंत किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. वय 68, प्राथमिक शाळेतून निवृत्त, राहते देवगड तालुक्यातल्या एका गावात. आषाढात विहिरीच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं तर हाडाचीच तपासणी करायला हवी, असं डॉक्टर म्हणाले. मग प्लास्टर निघाल्यावर फोंडा घाटातून कोल्हापूर गाठलं आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाणं-येणं परवडलं. गणपती गेले आणि गोळी सुरू झाली.

मेडिकलमधून चार गोळ्यांची पट्टी मिळाली. ती कागदी पाकिटात घालून दुकानदाराने वर निळ्या पेनाने लिहिलं, ‘सकाळी 1’. एवढंच. आठवड्यातून एकदा हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रोज एक घेतली असती. वार लक्षात राहावा म्हणून रविवार धरला.

मला पाचलाच जाग येते. ह्यांच्या आणि माझ्या गोळ्यांचा डबा उशाशीच असतो. रविवारी जाग आली की तांब्यातल्या दोन घोटांबरोबर गोळी गिळायची आणि पुन्हा आडवं व्हायचं, असं माझं चालायचं. बाहेर पाऊस, वीज गेलेली, उठून करायचं काय? सहाला चहा, आणि सगळं एकदाच उरकावं म्हणून चहाबरोबरच कॅल्शियमची गोळी. शिवाय गुडघ्यांसाठी मी अधूनमधून दुखण्याची गोळी घ्यायची, ती वेगळीच. असे पाच रविवार गेले.

तिसऱ्या रविवारपासून छातीच्या मध्यावर जळजळ सुरू झाली. आपल्याकडे पित्त म्हटलं की आमसुलाचं सार. ते घेतलं तर आणखी झोंबलं. मग पित्ताचं गुलाबी औषध आणलं आणि गोळी घेतली की लगेच त्याचे दोन चमचे घ्यायला लागले. चौथ्या आठवड्यात पेजसुद्धा गिळवेना. घोट घशातून सरळ उतरायचा, पण छातीच्या हाडामागे एका ठरावीक जागी पोचला की तिथे निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, आणि तो घोट पुढे सरकेपर्यंत मी पाटाची कड धरून बसायची. पाचव्या रविवारी रात्री वाटलं, हृदयाचंच काहीतरी आहे. रात्री अकराला रिक्षा करून तालुक्याला गेलो. ईसीजी चांगला निघाला. मग कणकवलीला एंडोस्कोपी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि एक लहान जखम. त्या एका तपासणीला जेवढे पैसे गेले तेवढ्यात दीड वर्षाच्या गोळ्या आल्या असत्या. ते अजून मनातून जात नाही.

तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काकी, ही गोळी किती पाण्याबरोबर घेता?”

मी म्हटलं, दोन घोट.

“आणि नंतर?”

“आडवी होते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दहा मिनिटं मला समजावलं. याआधी कुणी एक मिनिटही दिलं नव्हतं. ही गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथली कातडी भाजते. म्हणून उठल्याबरोबर, अगदी उपाशीपोटी, मोठा पेलाभर साधं पाणी, म्हणजे 200 मिलिलिटर तरी, आणि गोळी अख्खी गिळायची. चघळायची नाही, तोंडात विरघळवायची नाही. पुढचा निदान अर्धा तास बसायचं, उभं राहायचं किंवा चालायचं, आडवं व्हायचं नाही, आणि पहिलं खाणं होईपर्यंतही नाहीच. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठलीही गोळी नाही, पित्ताचं औषध तर नाहीच नाही. गिळताना दुखलं किंवा नव्याने जळजळ झाली तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरकडे.

दुसरी गोष्ट ऐकून मला जास्त लागलं. एवढे सोपस्कार करूनसुद्धा या गोळीतलं शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. 70 मिलिग्रॅममधलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम रक्तात जातं, त्यातलं निम्मं हाडात बसतं आणि बाकीचं लघवीवाटे निघून जातं. कॉफीबरोबर किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्या अर्ध्या मिलिग्रॅममधलंही साठ टक्क्यांच्या आसपास कमी होतं. कॅल्शियम तर पोटात गोळीला धरूनच ठेवतं. म्हणजे पाच आठवडे मी अन्ननलिका भाजून घेतली आणि हाडांना त्यातलं जवळपास काही मिळालं नाही. मी हिशेबाची बाई आहे. दूधवाल्याचे अर्ध्या लिटरचे पैसे चुकले तरी वहीत लाल शाईने लिहून ठेवते. पाच गोळ्या वाया गेल्या हे मला जखमेइतकंच झोंबलं.

परत येताना तशीच मेडिकलमध्ये गेले. दुकानदार माझ्या हाताखाली चौथीत होता. त्याला म्हटलं, या गोळीच्या खोक्यात कागद असतो तो दाखव. त्याने खोक्यातून काढून दिला. घडी उघडली तर टॉवेलाएवढा कागद, मुंगीएवढी अक्षरं, सगळं इंग्रजी. पण सगळं त्यात लिहिलेलं होतं, पाणी किती, बसायचं किती वेळ, सगळं. मी विचारलं, हे मला का दिलं नाहीस? तो म्हणाला, “बाई, एका खोक्यात कागद एक आणि पट्ट्या अनेक. प्रत्येकीला कुठून देऊ?” त्याचं म्हणणं खोटं नाही, पण तेवढ्याने माझा राग शमला नाही. मग ‘सकाळी 1’ एवढंच का लिहितोस? पाण्याचं लिहायला किती शाई लागते? दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर बोलले. तो गप्प उभा राहिला.

इथपर्यंतचं मी गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास लिहून ठेवलं होतं. त्याखाली शेवटचं वाक्य होतं, ‘ही गोळी कुणी घेऊ नका.’ ते वाक्य आता खोडलं आहे.

झालं असं. सहा आठवडे गोळी बंद होती, आम्ल कमी करणारं औषध चालू होतं, गुडघ्याची गोळीही थांबवली. जखम भरल्यावर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे हाडांचंच दुसरं औषध, वर्षातून एकदा शिरेतून घ्यायचं झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन, 5 मिलिग्रॅम. त्याचा अन्ननलिकेशी संबंधच येत नाही. दुसरी म्हणजे हीच गोळी, पण नियमाने, आणि पहिली जळजळ होताच कायमची बंद. सावंतवाडीला माझी धाकटी जाऊ आहे, तिने ते सलाईन घेतलं होतं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व तपासलं. सलाईन अर्ध्या तासात आटोपलं, आणि दुसऱ्या दिवशी ताप, हाडन्‌हाड ठणकत होतं, दोन दिवस तिला उठवेना. पहिल्या वेळी बऱ्याच जणांना असं होतं, तीनेक दिवसांत उतरतं आणि पुढच्या वर्षी सहसा कमी होतं. तिने पॅरासिटामॉल घेतलं आणि पाणी भरपूर प्यायली. आता ती म्हणते, दोन दिवस सोसले की वर्षभर डोक्याला ताप नाही. तिचं तिला पटलं. मी गोळीची वाट धरली, कारण महिन्याच्या पेन्शनमधून चार गोळ्या सहज निघतात, एकदम मोठी रक्कम निघत नाही.

आता त्या अर्ध्या तासाविषयी, कारण या औषधाचा सगळा त्रास माझ्यापुरता तिथेच आहे.

कोकणातल्या घरात सकाळचा पहिला अर्धा तास म्हणजे सगळं वाकून करायचं काम. खळं झाडायचं, न्हाणीतल्या पाणचुलीत विस्तव घालायचा, पूजेची फुलं काढायची. डॉक्टरांनी त्या वेळात वाकायलाही मनाई केली आहे, पोटातलं वर येऊ नये म्हणून. आणि आमच्या दारात पारिजातक आहे. श्रावणापासून कार्तिकापर्यंत त्याचा सडा पडतो, आणि ही फुलं जमिनीवरून वेचायची असतात. इतर फुलं झाडावर थांबतात, प्राजक्त थांबत नाही. अर्धा तास गेला की उन्हाने मलूल होतो, नाहीतर शेजारच्या कोंबड्या त्यातून फिरून जातात. आदल्या रात्री झाडाखाली जुनं लुगडं पसरून पाहिलं, पण ते उचलायलाही वाकावंच लागतं. चाळीस वर्षांत मी घरी असताना देवाला प्राजक्त चढला नाही असं झालं नव्हतं, तो त्या रविवारी राहिला. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून रविवारी हे वेचतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे टेकून बसतात, ताम्हन शेजारी ठेवतात आणि एकेक फूल केशरी दांड्याने उचलून उलटं ठेवतात, पाकळी चिरडू नये म्हणून. मी पडवीच्या खांबाला टेकून उभी असते. आमच्या लग्नाला 46 वर्षं झाली, इतक्या वर्षांत त्यांना फुलं वेचताना मी पाहिलंच नव्हतं. एकदा शेजारच्या काकींनी बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, थांबून विचारलं, “काय गो बाय, आज नुसतीच उभी?” मी म्हटलं, औषध घेतलंय. आता त्या रविवारी दिसल्या की लांबूनच विचारतात, “झालो काय तुझो अर्धो तास?” झाला म्हटलं की चहाला येतात.

नियमाने घेतल्यापासून एकदाही जळजळ नाही. पुन्हा सुरू केल्यावर पहिले तीन आठवडे सोमवारी पिंढऱ्या आणि पाठ दुखायची, नंतर आपोआप थांबलं. तसं दुखणं वाढत गेलं तर सांगायला हवं, ते अंगावर काढायचं नाही. मांडीत किंवा जांघेत बोथट, सतत दुखत राहिलं तर ते वेगळं, तेही लगेच सांगायचं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये क्वचित मांडीचं हाड तडकतं आणि त्याआधी असं दुखतं. मला ते झालेलं नाही. फेब्रुवारीत दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांच्या डॉक्टरला आधी या गोळीचं सांगितलं. जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा प्रकार आठवड्याच्या गोळीवर फार विरळ आहे, पण माहीत असलेलं बरं, असं तेही म्हणाले. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, दाढ निघाली, जखम भरली. त्या भीतीने आमच्या वाडीतल्या एकीने मनानेच गोळी सोडली आहे. ते करू नये. हाडांसाठीच दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन ज्यांना चालू आहे त्यांनी तर पुढचं चुकवूच नये. ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो.

मे महिन्यात मुलं-नातवंडं आली, घरात आंबे आणि फणस, त्या धांदलीत एक रविवार चुकला. आठवलं तेव्हा चहा झाला होता. सोमवारी सकाळी घेतली आणि पुढची पुन्हा रविवारी. एका दिवसात दोन कधीच नाही.

कॅल्शियमची गोळी आता दुपारच्या जेवणानंतर. तिने पोट जड व्हायचं, ती तक्रार इसबगोलाने आणि पाणी वाढवून कमी झाली, गेली नाही. आहारात नाचणी वाढवली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबील किंवा भाकरी रोज असतेच, आठवड्यातून दोनदा सुकट, सालासकट खाता येते म्हणून. डी जीवनसत्त्व मात्र समुद्राकाठी राहून माझं कमीच होतं. 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशा आठ पुड्या दुधातून घेतल्या.

गोळी पाच वर्षं घ्यायची, मग थांबायचं की नाही ते बघू, असं डॉक्टर म्हणाले आहेत. पुढचा स्कॅन आणखी वर्षभराने. गोळीने हाडं किती सावरली ते मला तोवर सांगता येणार नाही. एवढं सांगते की या पावसाळ्यात एकदा खळ्यात घसरून बसले आणि काही मोडलं नाही.

मागच्या आठवड्यात नवी पट्टी आणायला गेले. दुकानदाराने पट्टी पाकिटात घातली आणि सवयीने वर लिहिलं, ‘सकाळी 1’. मी हात पुढे केला. त्याने न बोलता पेन दिलं. मी खाली लिहिलं: ‘आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी. पेलाभर साधं पाणी. अर्धा तास आडवं होऊ नये, काही खाऊ-पिऊ नये.’ माझ्या मागे एक बाई अशीच पट्टी घ्यायला उभी होती. तिचं पाकीटही त्याने माझ्याकडे सरकवलं.