दूर राहून युद्धपट खेळायचा तर: व्हॅसल, रॅली द ट्रूप्स की घरी मांडलेला पट?

एक भिडू दापोलीला, दुसरा डोंबिवलीला, तिसरा देवगडात कलमांच्या बागेत. पट एकच खेळायचाय, पण सलग चार-पाच तास एकत्र बसणं गणपतीच्या सुट्टीखेरीज जमत नाही. अशांनी ऐतिहासिक युद्धखेळ पत्रव्यवहाराने खेळावेत. आपण खेळी करून पाठवायची, समोरच्याने सवडीने उत्तर द्यायचं. अमेरिकेत १९६०च्या दशकात हे टपालाने चालायचं आणि फाशांऐवजी शेअर बाजाराचे छापून येणारे आकडे वापरायचे. आज सोयी पुष्कळ आहेत, म्हणूनच चुकीची निवडली जाते आणि डाव तिसऱ्या आठवड्यात निजतो.

डाव निजण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपली एक खेळी पुरी व्हायला समोरच्याला मध्येच किती वेळा विचारावं लागणार, हे कोणी आधी मोजलेलं नसतं. ते मोजा, मग सोय निवडा.

आधी मोजणी

‘द शोअर्स ऑफ ट्रिपोली’ घ्या. विषय १८०१ पासूनचं अमेरिकेचं ट्रिपोलीच्या चाच्यांशी झालेलं समुद्रयुद्ध. सहा वर्षं, वर्षाला चार ऋतू, प्रत्येक ऋतूत दोघांचं एकेक पान (पत्ता). म्हणजे डाव जास्तीत जास्त ४८ पानांचा. लढाईत फासे पडतात, पण बचाव करणाऱ्याला ठरवायचं फारसं नसतं. रोज एकेक पान टाकलं तरी महिन्याच्या आत निकाल लागतो.

त्याच्या शेजारी ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ ठेवा. पहिलं महायुद्ध, पूर्ण मोहीम २० वळणांची (टर्नची), प्रत्येक वळणात दोघांच्या सहा-सहा फेऱ्या. गुणाकार केला की २४० खेळ्या होतात. रोज दोन्हीकडून एकेक खेळी झाली तरी चार महिने लागतात. शिवाय हल्ला झाला की बचाव करणाऱ्याने लढाईचं पान टाकायचं का, नुकसान कोणत्या सैन्यावर घ्यायचं, माघार कुठे घ्यायची, हे तोच ठरवतो. एका खेळीत तीन-चार उत्तरं लागतात. वर्ष धरूनच सुरुवात करा.

लाकडी ठोकळ्यांचे खेळ वाचताना सोपे वाटतात, पत्राने मात्र जड जातात. ‘ज्यूलियस सीझर’मध्ये एक लढाई चार फेऱ्यांपर्यंत चालते आणि प्रत्येक फेरीत ठोकळ्यांवरच्या अक्षरांच्या क्रमाने दोन्ही बाजू आलटूनपालटून फासे टाकतात किंवा माघार घेतात. ‘फ्रेडरिक’ ठोकळ्यांचा नाही, पण तोही असाच जड जातो. त्यात फासेच नाहीत. लढाईत जो मागे पडतो तो पान टाकतो, मग दुसरा मागे पडतो, तो टाकतो, असं कोणीतरी थांबेपर्यंत चालतं. समोरासमोर बसून हा खेळ अफाट रंगतो. ईमेलने एकच लढाई आठवडा खाते. (प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचं हे सप्तवार्षिक युद्ध १७५६ मध्ये पेटलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने आपला विजयदुर्ग घेतला होता. कोकणातल्या भिडूला हा काळ परका वाटू नये.)

व्हॅसल: खेळी बिननेटची, पाठवणी एकदाच

व्हॅसल हा फुकट मिळणारा, संगणकावर चालणारा प्रोग्राम आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, मोबाइलवर नाही. प्रत्येक खेळाचं मॉड्यूल (त्याचा पट आणि सोंगट्या असलेली फाइल) वेगळं उतरवून घ्यायचं. जुन्या-नव्या युद्धखेळांची इतकी मॉड्यूलं दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

पद्धत अशी. मॉड्यूल उघडून मांडणी निवडायची, आपली बाजू घ्यायची, फाइल मेनूतून लॉग (खेळीची नोंद) सुरू करायचा, खेळी करायची, लॉग बंद करायचा आणि ती फाइल पाठवायची. समोरचा ती उघडतो आणि पेज डाउन दाबत एकेक पाऊल बघतो. सोंगटी कुठून निघाली, फासा किती पडला, सगळं क्रमाने दिसतं. शेवटच्या पावलापर्यंत पोचला की तो आपला नवा लॉग सुरू करतो.

चुका इथेच होतात. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे नवा लॉग सुरू न करताच सोंगट्या हलवणं. ती हालचाल नोंदलीच जात नाही. समोरच्याला पट जुनाच दिसतो आणि पुढची फाइल जुळत नाही. दुसरी चूक, आलेला लॉग अर्धवट बघून मध्येच आपली सोंगटी हलवणं. उरलेली पावलं मग चुकीच्या पटावर पडतात. दोन्हींवर इलाज एकच: आलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून उघडणं. म्हणून जुन्या फाइली पुसू नका आणि नावात वळण, फेरी व बाजू लिहा. ‘नवी’, ‘अगदी नवी’ अशी नावं दोन आठवड्यांत गोंधळ घालतात.

पासवर्ड सेटिंगमध्ये असतो आणि आपली बाजू त्याच्याशी बांधलेली असते. लॅपटॉप बदलला आणि नव्यावर पासवर्डचं एक अक्षर जरी वेगळं पडलं, तरी स्वतःच्या हातातली पानं दिसत नाहीत. पहिल्याच दिवशी तो वहीत लिहून ठेवा. मॉड्यूलची आवृत्तीही दोघांकडे एकच हवी. डाव संपेपर्यंत कोणीही नवी घेऊ नये.

व्हॅसल नियम तपासत नाही. सोंगटी समुद्रात ठेवली तरी तो हूं की चूं करत नाही. नियमपुस्तक मांडीवर लागतं आणि भांडणं सोडवायची पद्धत आधी ठरवावी लागते. फासे खेळणाऱ्याच्याच संगणकावर पडतात, म्हणजे वाईट पडलेला लॉग टाकून पुन्हा खेळता येतो. मित्रांत कोणी असं मुद्दाम करत नाही, पण चुकून बंद झालेली फाइल पुन्हा करताना संशयाला जागा राहते. मोठ्या लढाईपाशी लॉग बंद करा आणि फासे समोरच्याला टाकू द्या. एक फाइल वाढते, मनात काही राहत नाही.

एवढं सगळं सोसून व्हॅसल का घ्यावं? कारण खेळी करताना नेट लागतच नाही. जुलैत दोन-दोन दिवस टॉवर बंद असतो, वीज ये-जा करते. अशा वेळी बॅटरीवर तासभर खेळी करून ठेवायची आणि रेंज येईल त्या वळणावर जाऊन एकदा पाठवायची. लॉग छोटा असतो, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनही सहज जातो. मॉड्यूल मात्र कधी कधी ईमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही. ते पावसाआधीच, चांगलं नेट असताना उतरवून ठेवा.

रॅली द ट्रूप्स: नियमांचा पहारा सर्व्हरवर

ही ब्राउझरमध्ये चालणारी जागा, तीही फुकट आणि बिनजाहिरातीची. फासे, पानं, नियम सगळं सर्व्हर सांभाळतो. नियमात बसत नसलेली खेळी करताच येत नाही. पाळी आली की ईमेल येतो. तो स्पॅममध्ये जात नाही ना, एवढं पहिल्या दिवशी बघा. फासा पडेपर्यंत किंवा लपलेली माहिती उघडी होईपर्यंत खेळी मागे घेता येते. त्यानंतर नाही.

इथे मधली उत्तरं स्वस्त पडतात. फाइल नाही, लॉग नाही. ठोकळा माघारी घ्यायचा तर एक टिचकी आणि पाळी समोर. म्हणून ‘ज्यूलियस सीझर’, ‘हॅमर ऑफ द स्कॉट्स’, ‘फ्रेडरिक’, ‘मारिया’ हे उत्तरांनी भरलेले खेळ इथेच खेळावेत. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ही इथे आहे. त्याचे रसद आणि माघारीचे नियम इतके बारीक आहेत, की पहिल्या दोन डावांत सर्व्हर सांभाळतोय हेच बरं. मोठ्या लढाईला दोघांनी रात्री नऊची वेळ ठरवून एकदम बसावं. आठवड्याचं काम दहा मिनिटांत होतं.

उणी बाजू म्हणजे तिथे बांधलेले खेळच खेळता येतात. आपल्या आवडीचा पट त्या यादीत नसेल, तर विषय संपला. आणि खेळी करेपर्यंत नेट चालू लागतं. डेटा फार जात नाही, पण प्रत्येक टिचकी सर्व्हरपर्यंत पोचावी लागते. ज्याच्या घरी पडवीच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते, त्याने तिथे उभं राहून पहिलं महायुद्ध लढू नये. मोबाइलवर ‘३००: अर्थ अँड वॉटर’सारखा छोटा नकाशा चालून जातो. मोठे नकाशे बोटांनी फाकवत बसावे लागतात आणि शेजारच्या जागेवर टिचकी पडते. त्यांना लॅपटॉपच हवा.

सर्व्हर नियम पाळतो, शिकवत नाही हेही ध्यानात ठेवा. नियम न वाचता दिसतील ती बटणं दाबत गेलेला भिडू हरतो आणि का हरला हे त्याला कळत नाही.

खराखुरा पट आणि फोटो

ज्यांना हातात सोंगटी लागते, त्यांच्यासाठी. एकाच्या घरी पट मांडलेला, दुसरा खेळी लिहून पाठवतो, पहिला हलवून फोटो टाकतो. दोघांकडे एकच खेळ असेल तर उत्तम. षट्कोनी घरांच्या बहुतेक नकाशांवर प्रत्येक घराला क्रमांक छापलेला असतो. ‘तिसरी तुकडी १४१२ वरून १५१३’ एवढं लिहिलं की पुरतं. फोटो बरोबर वरून काढा, पटाचे चार भाग करून चार फोटो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला तर सोंगटीवरचे आकडे पुसट होतात आणि ३ चा ८ दिसतो.

हातात लपलेली पानं असतील तर ही पद्धत जमत नाही, तिसऱ्या मित्राने पंच होऊन पानं वाटली तरच जमते. फाशांसाठी टेलिग्राम वापरा. फाशाचं चित्र पाठवलं की आकडा सर्व्हर ठरवतो. तिघांचा ग्रुप करून तिथे टाका. कोणाला जुनी पद्धत हवी असेल तर उद्याचा सेन्सेक्स बंद होईल तेव्हाचे दशांशानंतरचे अंक घ्यावेत; १ ते ६ धरायचे, ०, ७, ८, ९ आला तर पुढच्या दिवसाचा बघायचा. एखाद्या शेअरचा शेवटचा पैसा मात्र घेऊ नका. बरेच भाव पाच-पाच पैशांच्या पायरीने हलतात, तिथे ० किंवा ५ सोडून काही येत नाही.

कोकणात या पद्धतीचा खरा शत्रू दमट हवा. जूनपासून पुठ्ठ्याच्या सोंगट्या फुगतात, कागदी नकाशा कडेने वळतो, बंद डब्यात बुरशी धरते. नकाशावर पारदर्शक ॲक्रिलिकची शीट टाका, न लागणाऱ्या सोंगट्या झिपच्या पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा आणि पट बाहेरच्या भिंतीला लावू नका. पंखा सरळ वरून नको. सोंगट्यांची उंच चळत आणि पानं सरकतात. मांडलेला पट सहा महिने हलणार नाही अशी जागा घरात नसेल, तर ही पद्धत नकोच.

सहा-सात जण असाल तर

‘डिप्लोमसी’. सात भिडू, १९०१ चा युरोप, ना फासे ना पानं. सगळ्यांचे हुकूम एकदम उघडतात, म्हणून मधलं उत्तर जवळपास नसतंच, फार तर माघारीचं. पटावरच्या ३४ रसद-केंद्रांपैकी १८ घेणारा जिंकतो. खरा खेळ एकमेकांशी खासगीत बोलण्याचा, आणि ते मोबाइलवर उत्तम होतं. बॅकस्टॅबर किंवा वेबडिप्लोमसी या संकेतस्थळांवर हुकूम द्यावेत. एक भिडू गायब झाला तर त्याचं सैन्य जागीच उभं राहतं आणि शेजाऱ्याला फुकटचा मुलूख मिळतो. म्हणून आठवा मित्र राखीव ठेवा.

टेबलटॉप सिम्युलेटर हा संगणकावर पट मांडणारा प्रोग्राम या यादीत बसत नाही. प्रत्येकाला विकत घ्यावा लागतो, संगणक दमदार लागतो आणि तो मुळात एकाच वेळी बसून खेळण्यासाठी आहे.

मग कोणी काय घ्यावं

दोघांकडे बरं नेट असेल आणि हवा असलेला खेळ यादीत असेल, तर रॅली द ट्रूप्स. दुसरा विचार करू नका. एकाकडे नेट बेभरवशाचं असेल, तर व्हॅसल आणि पाळी-पाळीने पूर्ण वळण खेळायचे षट्कोनी घरांचे खेळ, ज्यांत माघारीशिवाय मधे विचारावं लागत नाही. माघारीचे कायमचे हुकूमही आधीच लिहून द्यावेत: ‘शक्य तर नदीमागे, नाहीतर रस्त्याने गावाकडे.’ पहिलाच डाव असेल तर ‘३००’ किंवा ‘ट्रिपोली’. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ने सुरुवात केलेली जोडी क्वचितच शेवटाला पोचते.

वेग ठरवताना कोकणचं पंचांग बघा. बागायतदार भिडू एप्रिल-मेमध्ये हाताला लागणार नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा होडीवाला मित्र मोकळा असतो पण नेट दगा देतं. शिमग्याला आणि गणपतीला सुट्टी धराच. एरवी ४८ तासांत एक उत्तर हा वेग बहुतेकांना झेपतो. आणि प्रत्येक खेळी पाठवताना स्वतःच्या वहीत दोन ओळी लिहा: ही तुकडी इथे का ठेवली, पुढच्या वळणाला काय करायचं होतं. तीन दिवसांनी फाइल परत येते तेव्हा पट दिसतो, बेत आठवत नाही.

अर्धा डाव ऑगस्टपर्यंत आणून ठेवता आला तर चाकरमानी गावी आल्यावर उरलेली वळणं ओटीवर खेळता येतात. त्यासाठी व्हॅसलमधून मांडणीची छापील यादी काढा किंवा पडद्याचे चार फोटो ठेवा, आणि पट मांडायला तासभर आधी बसा.