जॉर्डनचे ६३ की बेलरचे ६१: मोठी खेळी कोणती?

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) एका सामन्यात ६० गुणांच्या पुढे आजवर दोघेच गेले आहेत. शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डनने २० एप्रिल १९८६ रोजी ६३ केले आणि लॉस एंजेलिस लेकर्सच्या एल्जिन बेलरने १४ एप्रिल १९६२ रोजी ६१. दोन्ही वेळा समोर बोस्टन सेल्टिक्स, दोन्ही वेळा मैदान बोस्टन गार्डन. के. सी. जोन्स तर दोन्ही सामन्यांत सेल्टिक्सकडेच होते, १९६२ मध्ये खेळाडू म्हणून आणि १९८६ मध्ये प्रशिक्षक म्हणून. तुलनेला इतकी सारखी जमीन क्वचितच मिळते.

विक्रम जॉर्डनच्या नावावर आहे, यात वाद नाही. पण कोणती खेळी मोठी हे ठरवायचं असेल तर आधी वेळ बघा. जॉर्डनचा सामना दोन ओव्हरटाइमपर्यंत (बरोबरी झाल्यावर मिळणारा जादा वेळ), म्हणजे ५८ मिनिटं चालला आणि त्यातली ५३ मिनिटं तो कोर्टवर होता. त्याच वेगाने ४८ मिनिटांचा हिशेब केला तर साधारण ५७ गुण होतात. बेलरचे ६१ नेहमीच्या ४८ मिनिटांतच झाले.

आता नेमबाजी, म्हणजे बास्केटकडे टाकलेल्या चेंडूंपैकी किती आत गेले. जॉर्डन ४१ पैकी २२, बेलर ४६ पैकी २२. म्हणजे ५३.७ टक्के विरुद्ध ४७.८. इथेच बहुतेक जण जॉर्डनच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होतात, आणि चूक होते ती इथेच. १९६१-६२ च्या हंगामात अख्ख्या लीगची नेमबाजी ४२.६ टक्के होती, १९८५-८६ मध्ये ४८.७. आपापल्या काळाच्या सरासरीपेक्षा दोघेही जेमतेम पाच टक्क्यांनीच वर आहेत. फ्री थ्रोमध्येही (फाउल झाल्यावर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फटके) उन्नीस-बीसच: जॉर्डन २१ पैकी १९, बेलर १९ पैकी १७. लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा फटका दोघांच्याही खात्यात नाही. बेलरच्या काळी ती रेषाच नव्हती, एनबीएने ती १९७९ मध्ये आणली.

बेलरचं पारडं खऱ्या अर्थाने जड होतं ते बाकीच्या कामामुळे. अवघ्या १९६ सेंटिमीटर उंचीच्या या खेळाडूने त्याच सामन्यात २२ रिबाउंड (नेम चुकून परतलेले चेंडू) घेतले, तेही सेल्टिक्सचा दिग्गज सेंटर बिल रसेल समोर असताना. त्या काळी नेम जास्त चुकायचे, त्यामुळे रिबाउंडही जास्त मिळायचे. ती सूट दिली तरी आकडा प्रचंडच राहतो. शिवाय हा अंतिम मालिकेतला पाचवा सामना होता आणि लेकर्सनी तो १२६-१२१ असा जिंकला. अंतिम मालिकेतला वैयक्तिक गुणांचा हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या हंगामात बेलर लष्करी सेवेत होता. सुट्टी मिळेल तसा येऊन तो साखळीतले फक्त ४८ सामने खेळला होता. मालिका मात्र सेल्टिक्सनीच सातव्या सामन्यात, ओव्हरटाइममध्ये जिंकली.

जॉर्डनच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा प्रतिस्पर्ध्याचा. १९८६ चे सेल्टिक्स साखळीत घरच्या ४१ सामन्यांपैकी एकच हरले होते, बुल्स ३० विजय आणि ५२ पराभव घेऊन आले होते. पाय मोडल्यामुळे जॉर्डनचे ६४ सामने बुडाले होते. पहिल्या सामन्यात ४९ आणि लगेच दुसऱ्यात ६३! तरी बुल्स १३५-१३१ असे हरले आणि मालिका ३-० अशी गेली. पहिल्या फेरीतला पराभव आणि अंतिम फेरीतला विजय यांना एकाच मापाने मोजता येत नाही, म्हणून आमचं मत बेलरला.

पण प्रश्न शिकण्याचा असेल, मुलांना एकच खेळी दाखवायची असेल, तर बेधडक जॉर्डनची दाखवा. त्या काळी झोन बचावाला (ठरावीक खेळाडूऐवजी जागा राखण्याच्या पद्धतीला) बंदी होती, त्यामुळे एकास एक लढत स्वच्छ दिसते. सेल्टिक्सच्या लॅरी बर्डसमोर पायांमधून चेंडू खेळवत त्याला चुकवलेली चाल थांबवून थांबवून दाखवा: हातांपेक्षा खांदे आणि पाय पाहायला सांगा, बचावपटूचा तोल एका पायावर गेला की जॉर्डन निघतो. आणि नियमित वेळेचा शेवट चुकवू नका. घड्याळ शून्यावर, बुल्स दोन गुणांनी मागे आणि जॉर्डन फ्री थ्रोच्या रेषेवर. दोन्ही आत, ११६-११६. फाउल तीन गुणांच्या फटक्यावर झाला होता. तेव्हाच्या नियमाने दोनच फ्री थ्रो मिळाले, आज तीन मिळाले असते.

अचूकता हाच निकष असेल तर मात्र या दोघांना बाजूला ठेवून मायामी हीटच्या जिमी बटलरचे एप्रिल २०२३ मधले ५६ गुण बघा. अव्वल मानांकित मिलवॉकी बक्सविरुद्ध त्याने ते २८ पैकी १९ नेमांत केले, आणि ते झोनला परवानगी असलेल्या काळात.