गरोदर बायकांसाठी पत्रक: चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचं की सरकारी कार्डच द्यायचं?

छोट्या मॅटर्निटी क्लिनिकसाठी मराठी पत्रक हवंय आणि ते एआयकडून (चॅटजीपीटीसारख्या) लिहून घ्यायचं की सरकारी कार्ड द्यायचं यात अडकला असाल तर माझं मत आधीच सांगते, गोळ्या, तपासण्या, लसी यासाठी सरकारी माता-बाल संरक्षण कार्डच बरं. फुकट मिळतं, आणि आशाताई घरी येऊन जे सांगतात तेच त्यात असतं त्यामुळे बाईचा गोंधळ होत नाही. फक्त ते गच्च भरलेलंय आणि सिझरचे टाके कसे जपायचे, कॉपर-टी बसवल्यावर किती दिवस दुखेल असले प्रश्न त्यात फारसे सापडत नाहीत.

एआयला नुसतं "प्रेग्नन्सीतल्या शुगर टेस्टवर लिही" म्हटलं की मिनिटात गुळगुळीत पान हजर, आणि भीती तिथेच आहे. बऱ्याचदा साचा अमेरिकन येतो, आधी ५० ग्रॅम ग्लुकोज, मग उपाशीपोटी १०० ग्रॅमची तीन तासांची टेस्ट वगैरे, आणि आपल्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम, पोट भरलेलं असो की रिकामं, दोन तासांनी एकदाच रक्त, १४० किंवा वर गेली की डायबिटीस. म्हणजे सात महिन्यांची बाई पत्रक वाचून उगाच उपाशी येणार. त्याहून डेंजर म्हणजे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीवर लिहिताना "मुलगा की मुलगी तेही कळू शकतं" असं वाक्य सहज घुसतं, गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने ते सांगणंच गुन्हा आहे, आणि हे तुमच्या लेटरहेडवर छापलेलं असणार!

स्वतःचं पत्रक करायचंच असेल तर तिसरा मार्ग मला पटतो. मुद्दे तुमचे, डोस तुमचे, धोक्याची लक्षणं तुमची, एआयला एवढंच सांगायचं की काही वाढवू नकोस, सहावी शिकलेल्या बाईला कळेल असं लिही. वाचता न येणाऱ्यांसाठी त्याचीच व्हॉट्सॲप ऑडिओची स्क्रिप्टपण होते. तरी भाषा पुस्तकी येतेच, सिस्टरना मोठ्याने वाचायला लावा, अडखळल्या की कात्री. आणि सोपं करताना काय गळलं ते बघा, लोहाची गोळी रोज एक हे राहतं पण कॅल्शियमसोबत घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा, हे गायब. एवढं तपासायला डॉक्टरांना वेळच नसेल तर मग कार्डच द्या.

चित्रं मात्र एआयची नकोत, त्यावरची मराठी अक्षरं बऱ्याचदा मोडकी येतात. आणि पेशंटचा रिपोर्ट नाव-फोनसकट त्यात टाकायचा नाही, कितीही घाई असली तरी.