डिप्रेशनची गोळी की मशरूम थेरपी? आपल्या भागात काय कामाचं

मोबाईलवर व्हिडिओ पाहून ‘गोळ्या सोडून ते मशरूमवालं घेऊ का’ असं विचारणारे आता खेड्यापाड्यातही भेटतात. म्हणून दोन्ही उपचार शेजारी ठेवून पाहू. वऱ्हाडातल्या कास्तकाराला यातलं हाती काय लागतं आणि बिघडतं कुठे, हे महत्त्वाचं.

आधी साधी गोळी. एस्सिटालोप्राम ही सर्रास लिहून दिली जाते. सुरुवात बहुधा सकाळी जेवणानंतर 5 मिलिग्रॅमने, आठवड्याभराने 10, आणि गरज पडली तर 20. म्हाताऱ्या माणसाला सहसा 10 च्या वर नेत नाहीत. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ संडास, डोकेदुखी, कधी उगाच बेचैनी येते. मनाला आराम पडायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि गुण मागून. इथेच निम्मा खेळ बिघडतो. आठव्या दिवशी ‘गोळी गरम पडली’ म्हणून पट्टी फडताळात जाते आणि गोळी वाईट ठरते. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय तिच्यावर निकाल देऊ नका. अपवाद एकच: सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पोरापोरींमध्ये, बेचैनी फार वाढली किंवा मरणाच्या गोष्टी निघू लागल्या तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दुसरी चूक याच्या उलटी. दोन महिन्यांत बरं वाटलं, सोंगणी आली, गोळी बंद. बरं वाटल्यावरही ती सहा ते नऊ महिने चालवायची असते, नाहीतर आजार उलटतो. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. याच जातीच्या गोळ्यांपैकी पॅरॉक्सेटिनमध्ये हा त्रास जास्त, फ्लुऑक्सेटिनमध्ये सर्वात कमी. डोस डॉक्टरला विचारून टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा.

आता पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे दोन नावं असतात: एस्सिटालोप्राम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5. पहिल्याच रात्री झोप लागते ती या दुसऱ्या औषधाने, आणि माणसाला वाटतं, गोळी भारी आहे. क्लोनाझेपाम काही आठवड्यांपुरतं ठीक. पुढे त्याची सवय लागते, दारूसोबत तर ते घातकच. वर्षभर हीच जोडगोळी चालू असेल तर डॉक्टरला स्पष्ट विचारा, पण स्वतःच्या मनाने एका दिवसात तोडू नका.

फवारणीच्या दिवसांत कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक घेण्याची आपल्याकडे रीतच आहे. एस्सिटालोप्रामसोबत त्याने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची कडक गोळी त्याहून वाईट. एस्सिटालोप्राम आणि ट्रॅमाडॉल मिळून मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन नको तितकं वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ होऊ शकतो. अंगदुखीसाठी गेलात तरी डिप्रेशनची गोळी चालू असल्याचं सांगायचं, लाजायचं नाही.

सरकारी दवाखान्यात कधी अमिट्रिप्टिलिनही मिळते. जुनी, स्वस्त, कामाची. पण तोंड कोरडं पडतं, संडास अडते, म्हाताऱ्या पुरुषांची लघवी तुंबते. जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयावर येते. म्हणून घरी पंधरा दिवसांच्या वर साठा नको, आणि डबा घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात हवा. फवारणीचं औषधही तसंच कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

गुण किती येतो? अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या गोळीने साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला. बाकीच्यांना डोस वाढवावा लागला किंवा औषध बदलावं लागलं. पहिली गोळी लागू पडली नाही म्हणजे नशीब फुटलं असं नाही. आपल्याकडे तिथवर कोणी थांबत नाही, कारण प्रत्येक फेरीला एक मजुरी बुडते. मानसोपचारतज्ज्ञ येतो ठरावीक वारी, त्यातही वाट्याला मिनिटं मोजकी. गोळीला चांगले गुण देऊ, पण ती ज्या घाईत दिली जाते त्या घाईला नाही.

मशरूम थेरपीचा बाज अगदी वेगळा. काही मशरूममध्ये सापडणारं, भास घडवणारं द्रव्य म्हणजे सिलोसायबिन. इथे ते कारखान्यात शुद्ध बनवलेलं, 25 मिलिग्रॅम, कॅप्सूलमध्ये. आधी तयारीच्या बैठका. मग शांत खोलीत डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, शेजारी प्रशिक्षित माणसं, आणि सहा ते आठ तास. नंतर जे अनुभवलं त्यावर बोलण्याच्या बैठका. लंडनमधल्या 59 रुग्णांच्या चाचणीत (2021) सिलोसायबिनचे दोन डोस आणि रोजचं एस्सिटालोप्राम यांची थेट झुंज लावली. सहा आठवड्यांनी ठरलेल्या मुख्य मोजपट्टीवर ठोस फरक दिसला नाही. उपमोजमापं सिलोसायबिनकडे झुकली, व्हिडिओवाले तेवढंच सांगतात. एस्सिटालोप्रामला 20 चा डोस फक्त शेवटचे तीन आठवडे मिळाला, आणि बोलण्याचा आधार दोन्ही गटांना सारखाच होता, हे कोणी सांगत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीची (2022) सिलोसायबिनची चाचणी 233 जणांची, सगळे आधीच्या औषधांना दाद न दिलेले. 25 मिलिग्रॅम घेतलेल्यांत तीन आठवड्यांनी 29 टक्के आजारातून बाहेर आले, नाममात्र 1 मिलिग्रॅमवाल्यांत 8 टक्के. एवढ्या हट्टी आजारात हे थोडं नाही. पण बारा आठवडे टिकलेला गुण 25 वाल्यांत 20 टक्क्यांच्या आसपासच होता. डोकेदुखी, मळमळ, चक्कर होतीच. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा अशा नोंदी सगळ्याच गटांत झाल्या. शिवाय डोस मिळाला की नाही हे ज्याचं त्यालाच कळतं, त्यामुळे आशेचा परिणाम किती आणि औषधाचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2023 पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना सिलोसायबिन देण्याची मुभा दिली. भारतात सिलोसायबिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘मायक्रोडोस’ (म्हणजे अगदी थोडी मात्रा) चॉकलेटात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि पार्सल पकडलं गेलं तर गुन्हा तुमच्या नावावर. सात्या नि टेकोडे ही रानातली मशरूम पावसाळ्यात चवीने खाणारा आपला भाग. त्या ओळखीच्या भरवशावर उकिरड्यावरची छत्री तोंडात टाकाल तर यकृतच जाऊ शकतं. आणखी एक सापळा: एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी सिलोसायबिनचा असर मंदावतो, म्हणून चाचण्यांत या गोळ्या आधी बंद करतात, तेही देखरेखीखाली. घरी बसून तसं करणं म्हणजे आजार अंगावर ओढवून घेणं.

अशा वेगळ्या धाटणीचं भारतात कायद्याने मिळणारं औषध म्हणजे केटामाइन. मुळात भूल देण्याचं. मोठ्या शहरांत काही तज्ज्ञ हट्टी डिप्रेशनला ते वापरतात: किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, शिरेतून, 40 मिनिटांत, बीपी मोजत. असर काही तासांत ते एका दिवसात, पण आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. मग पुन्हा फेरी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, म्हणजे सोबत एक माणूस, दोघांची मजुरी, जाण्यायेण्याचा खर्च. दीर्घ काळ घेतलं तर मूत्राशयाला त्रास. दोन-तीन औषधं नीट वापरून थकल्यावरच या वाटेला जावं.

सिलोसायबिनच्या चाचण्यांतून उचलण्यासारखं काही असेल तर रुग्णाला दिलेला वेळ, आणि तो द्यायला कायदा आड येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या उपक्रमाने गावातल्याच प्रशिक्षित माणसांकडून समुपदेशन केलं. डिप्रेशनसाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. गोव्यात तर सामान्य समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठकांनी, त्याही अर्ध्या-पाऊण तासाच्या, तीव्र डिप्रेशनमध्ये फरक पडला. त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात गोळी घेताना समुपदेशक कोणत्या वारी बसतो हेही विचारा. रात्री-अपरात्री मन फार बिघडलं तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा 14416 हा फुकट नंबर, मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला रिकाम्या हाती जाऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, बीपी-शुगरच्याही, पिशवीत घाला. हिमोग्लोबिन नि थायरॉइडचे रिपोर्ट असतील तर तेही, कारण या दोन्हींच्या बिघाडाने माणूस असाच मलूल दिसतो. आणि घरातलं जुनं माणूस सोबत न्या. पूर्वी कधी आठवडाभर झोप नको, बडबड थांबत नाही, हातातला पैसा उधळला, असा काळ येऊन गेला असेल तर तो रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त आठवतो. तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो, डिप्रेशनची गोळी एकटी द्यायची नसते, आणि डॉक्टरला ते चिठ्ठी लिहिण्याआधी कळायला हवं.