ब्लेड सर्व्हरवर लिनक्स टाकायचंय: पेनड्राइव्ह, व्हर्च्युअल मीडिया की पीएक्सई?

ब्लेडला (एन्क्लोजर नावाच्या मोठ्या पेटीत शेजारी शेजारी बसणारा पातळ सर्व्हर) ना डीव्हीडी ड्राइव्ह असतो ना मागच्या बाजूला नेहमीसारखे यूएसबी पोर्ट, त्यामुळे साध्या रॅक सर्व्हरवर सराईतपणे लिनक्स टाकणारा माणूससुद्धा इथे पहिल्यांदा अडकतो. मी एचपीचं सी७००० एन्क्लोजर आणि त्यातले बीएल४६०सी ब्लेड डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. डेल किंवा सिस्कोचं असेल तर नावं बदलतील, पण निवड पेनड्राइव्ह, व्हर्च्युअल मीडिया आणि पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणं) याच तिघांमधून करायची असते.

आधी एक गोष्ट, मीडिया बनवायला बसण्याआधी ब्लेडची पिढी बघा. रेड हॅट लिनक्स १० ला एक्स८६-६४-व्ही३ म्हणजे साधारण इंटेलच्या हॅसवेल पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे जेन८ (आठव्या पिढीच्या) ब्लेडवर ते चालणारच नाही, जेन९ वर चालेल. जेन८ वाल्यांनी सरळ रेड हॅट ९ वर थांबावं, नाहीतर अल्माने (रेड हॅटशी सुसंगत मोफत लिनक्स) १० ची जुन्या व्ही२ प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती काढलीय ती घ्यावी. आणि जी७ (सातव्या पिढी) मधला पी४१०आय हा डिस्क कंट्रोलर असेल तर रेड हॅट ८ पासून त्याचा सपोर्ट काढून टाकलाय, इन्स्टॉलर सुरू होतो पण डिस्कच दिसत नाही आणि लोक उगाच मीडियाला दोष देत बसतात. त्यासाठी ईएलरेपोची (रेड हॅटसाठी जादा ड्रायव्हर देणारा प्रकल्प) ड्रायव्हर डिस्क लागते.

आता पेनड्राइव्ह. ब्लेडच्या पुढच्या बाजूला एक छोटा कनेक्टर असतो, त्याला एसयूव्ही केबल लावली की यूएसबी, मॉनिटर आणि सिरियल तिन्ही मिळतं. ही केबल कुठे ठेवलीय ते आधी शोधा, ऐन वेळी ती हमखास सापडत नाही. अल्मा ९ ची पूर्ण डीव्हीडी आयएसओ (इन्स्टॉलच्या डिस्कची फाइल) ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावत नाही, १६ चा घ्या. विंडोजवर रुफस (पेनड्राइव्ह बनवायचं टूल) वापरत असाल तर डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी लिहिणारा) निवडा, कारण आयएसओ मोडमध्ये कधीकधी लेबल बदलतं आणि इन्स्टॉलर तर लेबल बघूनच स्वतःची पुढची फाइल शोधतो, मग बराच वेळ थांबून ड्रॅकटच्या (बूटचा सुरुवातीचा टप्पा) काळ्या शेलमध्ये आणून सोडतो. लिनक्सवर डीडी करताना पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिव्हाइसवर लिहायचं, आणि त्याआधी चेकसम (फाइल खराब नाही ना हे पडताळायचा आकडा) जुळवून बघायचा. एकच ब्लेड आहे, तुम्ही रॅकसमोर उभे आहात आणि मॅनेजमेंट नेटवर्क अजून लागलेलं नाही, तेव्हा हा मार्ग उत्तम. सोळा ब्लेडसाठी कृपया नको.

व्हर्च्युअल मीडिया म्हणजे आयएलओमधून (ब्लेड दुरून चालवायची एचपीची सोय) आयएसओ जोडायची, ब्लेडला वाटतं खरंच सीडी घातलीय. माझ्या मते बहुतेकांनी हेच घ्यावं, पण नीट वापरून. बहुतेक लोक ब्राउझरमधल्या कन्सोलमधून लॅपटॉपवरची १० जीबीची आयएसओ जोडतात आणि घरून व्हीपीएनवर बसलेले असतात, मग प्रत्येक ब्लॉक तुमच्या घरच्या अपलोडमधून जातो, इन्स्टॉल रेंगाळतं आणि मध्येच कनेक्शन तुटलं की सगळं पहिल्यापासून. त्यापेक्षा मॅनेजमेंट नेटवर्कला जवळ असलेल्या एखाद्या व्हीएमवर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) टाका, तिथे फक्त छोटी बूट आयएसओ ठेवा आणि आयएलओला तिची यूआरएल द्या, पॅकेजेस मात्र डेटा नेटवर्कवरच्या रेपोमधून ओढा. लॅपटॉप बंद केला तरी काम चालू राहतं. यूआरएलवाल्या सोयीला लायसन्स लागू शकतं, डेलमध्येही आयड्रॅक (आयएलओसारखीच डेलची सोय) एंटरप्राइज लागतं, ते आधी तपासा. आयएलओ ४ असेल तर फर्मवेअर २.७० किंवा पुढचं करून घ्या, एचटीएमएल५ कन्सोल मिळतो आणि जावाच्या भानगडीतून सुटका होते.

आणि फारसं कुणी न वापरणारी एक मस्त सोय सांगतो. ओईएमडीआरव्ही असं लेबल दिलेली छोटीशी फॅट इमेज बनवायची (इंग्रजी कॅपिटल अक्षरांत), त्यात किकस्टार्टची फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) ठेवायची आणि आयएलओच्या दुसऱ्या म्हणजे फ्लॉपीच्या जागी ती जोडायची, अ‍ॅनाकोंडा (रेड हॅटचा इन्स्टॉलर) ती आपोआप उचलतो. मूळ आयएसओ फोडून परत बांधायची गरजच नाही. उबुंटूसाठी हेच सीआयडेटा लेबलने होतं.

पीएक्सई तेव्हाच उभारा जेव्हा अख्खं एन्क्लोजर भरायचंय किंवा ब्लेड वारंवार पुसून नव्याने टाकायचेत. सोळा ब्लेडना एकाच वेळी आयएलओमधून आयएसओ पाजली तर सगळा ट्रॅफिक एन्क्लोजरच्या मॅनेजमेंट मॉड्युलमधूनच जातो, तिथे कोंडी होते. पीएक्सईचा त्रास वेगळा आहे, तो सर्व्हरवर कमी आणि नेटवर्कवर जास्त. फर्मवेअर सहसा टॅग नसलेलेच पॅकेट पाठवतो, म्हणून इन्स्टॉलचा व्हीलॅन (स्विचवरचं आभासी वेगळं नेटवर्क) त्या पोर्टवर नेटिव्ह म्हणजे टॅगशिवाय हवा, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा सर्व्हर) दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर विनंती पुढे पोचवणारा रिले हवा, आणि स्विचवर एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधणं) आधीच लावून ठेवलं असेल तर ते तात्पुरतं काढा. बायोस (जुनं फर्मवेअर) आणि यूईएफआय (नवं) ब्लेड मिसळलेले असतील तर डीएचसीपीत ऑप्शन ९३ (ब्लेड कुठल्या प्रकारचा ते सांगणारा) बघून वेगवेगळी बूटफाइल द्यावी लागते. टीएफटीपीवर (साधी पण संथ फाइल सेवा) फक्त बूटलोडर ठेवा, बाकी सगळं एचटीटीपीवर, फरक लगेच जाणवतो. बूट ऑर्डरमध्ये पीएक्सई कायमचं पहिलं ठेवू नका, वन टाइम बूट वापरा, नाहीतर रीबूट झाला की तोच किकस्टार्ट पुन्हा डिस्क पुसायला लागेल.

डिस्क पुसण्यावरून, हे तिन्ही मार्गांना लागू आहे: ब्लेडला बऱ्याचदा फायबर चॅनेलवरून सॅनच्या एलयूएन (सामायिक स्टोरेजवरच्या डिस्क) दिसत असतात आणि किकस्टार्टमध्ये सगळी पार्टिशन साफ करायची ओळ असेल तर इन्स्टॉलर लोकल डिस्क कुठली आणि चालू डेटाबेसची कुठली असा भेदभाव करत नाही. कोणती डिस्क वापरायची ते किकस्टार्टमध्ये नाव घेऊन लिहा, एसडीए एसडीबीवर विसंबू नका, ती नावं बूटगणिक बदलू शकतात, बाय-आयडीचा पाथ द्या. त्याहून चांगलं म्हणजे स्टोरेजवाल्यांना सांगून इन्स्टॉल होईपर्यंत झोनिंग (ब्लेडला सॅन दिसू देणारी परवानगी) काढून घ्या, आणि सिस्टीम लोकल डिस्कवरून एकदा नीट बूट झाली की मगच परत जोडून मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे अनेक वाटा) लावा.